ब्लॉकचेनवरील निष्क्रिय खाती

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपली जाणारी, मागाहून खाडाखोड करता न येणारी नोंदवही. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘स्टीम’ या समाजमाध्यमात प्रत्येक लेख, मत व प्रतिसाद तिच्यात नोंदला जात असल्याने सक्रिय खाती कोणालाही मोजता येतात, माणसे मात्र नाहीत, कारण एकाची अनेक खाती असू शकतात. सक्रिय नसलेल्या खात्यांचे काय होते, हे बँकेशी तुलना केल्यास कळते. कोल्हापुरातील सहकारी बँकेत खातेदाराने २ वर्षांहून अधिक काळ व्यवहार केला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार खाते निष्क्रिय ठरते आणि १० वर्षांनी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग झाली, तरी वारसांना ती मागता येते. स्टीमवर मात्र खासगी किल्ली, म्हणजे मालकी सिद्ध करणारी गुप्त अक्षरमाला, हरवली की वारसांना खात्यातील आभासी नाणी दिसत राहतात, पण काढता येत नाहीत, आणि ही उणीव गंभीरच मानली पाहिजे.