हा केवळ म्हातारपणाचा विसर नव्हे

वाशीम, रिसोड किंवा मंगरूळपीरकडच्या एखाद्या घरी आपण हे पाहिले असेल. ज्या आजोबांनी आयुष्यभर तूर-सोयाबीनचे हिशेब तोंडी केले, ते आता दुकानदाराने परत दिलेले पैसे दोनदा मोजतात आणि तरीही गोंधळतात. सकाळची गोळी घेतली की राहिली, हे त्यांना सांगता येत नाही. घरातली मंडळी ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून विषय सोडून देतात. आजोबांना मूत्रपिंडाचा जुना विकार असेल, तर ही म्हण कृपया बाजूला ठेवावी.

हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा मूत्रपिंडांकडे आणि सातवा हिस्सा मेंदूकडे जातो. दोन्ही अवयवांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक असतात. मधुमेह आणि उच्च रक्तदाब त्यांना एकाच वेळी झिजवतात. म्हणून मूत्रपिंड दुबळे झालेल्या अनेकांच्या मेंदूच्या एमआरआयमध्ये लहान लहान, कधी जाणवलेलेही नसतात असे आघात दिसतात. रक्तात साठणारी विषद्रव्ये आणि रक्तक्षय त्यात भर घालतात.

या ऱ्हासाची चाल ओळखून ठेवावी. येथे नावे किंवा जुन्या आठवणी बहुधा आधी जात नाहीत. आधी मंदावतो तो विचारांचा वेग. मग लक्ष टिकत नाही, दोन कामे एकत्र जमत नाहीत, ठरवलेले काम पुरे होत नाही. माणूस गप्पा पूर्वीसारख्याच मारतो, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस भागात डायलिसिसवरील पंचावन्न वर्षांपुढील रुग्णांची तपासणी झाली होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांची बौद्धिक क्षमता गंभीररीत्या घटलेली आढळली; मात्र कागदोपत्री तशी नोंद शंभरांत जेमतेम तिघांचीच होती.

डायलिसिसविषयी एक जुनी भीती अजून ऐकू येते, की त्याने वेड लागते. तिला एके काळी आधार होता. १९७०च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातील ॲल्युमिनियममुळे रुग्णांना स्मृतिभ्रंश झाला होता. पाणी शुद्ध करण्याच्या पद्धती सुधारल्यावर तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. डायलिसिस चालू असताना मेंदूचा रक्तपुरवठा काहीसा घटतो, हे मात्र खरे आहे. म्हणून शेतीच्या कागदावरील सही किंवा बँकेचा व्यवहार त्या दिवशी ठेवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावा.

आता सर्वांत महत्त्वाचे. हळूहळू आलेली मंदता वेगळी आणि दोन दिवसांत उद्भवलेला भ्रम वेगळा. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज असंबद्ध बोलू लागली, गुंगीत राहू लागली, तर वाट पाहू नका; त्याच दिवशी रुग्णालय गाठा. जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम किंवा साखर घटणे, चुकलेले डायलिसिस, अशी कारणे असू शकतात आणि त्यांतील बरीचशी उपचारांनी दूर होतात. औषधेही कारण ठरतात. मज्जातंतूंच्या वेदनेवरील गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन, तसेच स्नायू सैल करणारे बॅक्लोफेन मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; ते साठले की माणूस गुंगतो. गुडघेदुखीवर दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या तर उरलेले मूत्रपिंडही खचवतात. आपल्याकडे शेतमजुरीने झिजलेल्या गुडघ्यांना या गोळ्या फार सहज मिळतात, हे खेदाने म्हणावेसे वाटते.

तपासणीला जाताना घरातील सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून न्याव्यात. आयुर्वेदिक चूर्णे आणि भस्मेही. अकोल्याचा ऐंशीएक किलोमीटरचा प्रवास करून जायचे आणि तेथे ‘एक पांढरी, एक गुलाबी’ असे सांगायचे, यात तो दिवस वाया जातो. हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ यांची तपासणी झाली आहे का, हे विचारावे. रोजच्या गोळ्या देण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे असावी. चश्मा आणि श्रवणयंत्र ही औषधांइतकीच गरजेची समजावीत.

आणि एक बोलणे लांबणीवर टाकू नये. मूत्रपिंडे पुढे निकामी झाली तर डायलिसिस घ्यायचे का, किती काळ, घरी कोण असेल, हे आजोबांना ते स्वतः नीट समजून उत्तर देऊ शकतात तोवर विचारावे. मुलांना हे विचारणे जड जाते. अनेकदा आजोबाच वाट पाहत असतात. सकाळच्या चहानंतर, मन ताजे असताना, दूरदर्शन बंद करून, एका वेळी एकच प्रश्न विचारावा आणि उत्तराला वेळ द्यावा. त्यांनी जे सांगितले ते वहीत तारखेसह लिहून ठेवावे, आणि पुढच्या खेपेस ती वही डॉक्टरांना दाखवावी.