धूम बोलली पाहिजे

दिवाळीच्या पाडव्याला मालवणात रामेश्वर आणि नारायण या दैवतांची पालखी निघते. तोवर सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पखवाजांना भाद्रपदापासून फारसा विसावा मिळालेला नसतो. गणपतीत वाडीतल्या घराघरांतून भजनं झालेली असतात, नवरात्रात देवळांत गजर झालेले असतात, आणि तुळशीचं लग्न उरकलं की जत्रा सुरू होतात. मग रात्र दशावताराची. सिंधुदुर्गात गायला बसणारी माणसं पुष्कळ आहेत, पेटीवर बोटं फिरवणारीही आहेत, पण भजन उभं राहतं ते पखवाजावर. मंडळ ठरवताना ‘बुवा कोण?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘पखवाजाक कोण?’ हा प्रश्न येतोच.

आणि तरीही या वाद्यात सुधारणा कशी होते, याबद्दल आपण फार थोडं बोलतो. ‘हात चांगला आहे’ किंवा ‘हात नाही’ एवढ्यावर विषय संपतो. हात हा जन्माने मिळतो असं समजून आपण किती पोरांना मधेच सोडून दिलंय, याचा विचार व्हायला हवा.

इथला बहुतेक पखवाजी तयार होतो तो भजनात बसून. सात-आठ वर्षांचा मुलगा आधी झांज धरतो, कोरसात ओरडतो, पखवाज्याच्या उजव्या हाताला बसून त्याची बोटं बघतो. मोठी माणसं चहाला उठली की हळूच वाद्य पुढे ओढतो. असं करता करता भजनी ठेका अंगात भिनतो, बुवा कुठे श्वास घेणार आणि कुठे चाल बदलणार हे कळू लागतं, तासन्‌तास बसायची सवय होते. ही शाळा फार मोठी आहे आणि शहरातल्या क्लासला ती कधीच मिळणार नाही. पण तिची एक मर्यादा आहे. तिथे वाजवायला मिळतं, थांबून दुरुस्त करायला मिळत नाही. चुकलेला बोल रात्रभर चुकतच राहतो आणि चार गणपतींनंतर तोच त्या मुलाचा हात होतो.

डबलबारीत ही मर्यादा उघडी पडते. दोन बुवा समोरासमोर, आपापल्या पखवाज्यासह, आळीपाळीने बारी करतात. अभंग, गौळण होत होत बारी गजराला येते, लय चढते, टाळ्या पडू लागतात. त्या टाळ्या वेगाला असतात. पखवाज्याच्या उजव्या हाताची बोटं दिसेनाशी झाली की लोक उठून उभे राहतात. मलाही त्या क्षणी उभं राहावंसं वाटतं, ते नाकारत नाही. पण नीट कान दिला तर अनेकदा कळतं की लय वाढली तशी डावी बाजू गप्प होत गेली आहे. उजवीकडे बोलांचा पाऊस आणि खाली जमीनच नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात हा खालचा आवाज बास गिटार सांभाळते. लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेली चार तारांची बास पुढे जगभर पसरली, आणि तिथलाही चांगला वादक ओळखला जातो, तो थांबल्यावर गाणं पोकळ झालं की. आपल्याकडे हे काम पखवाजाच्या धुमेचं, म्हणजे डाव्या तोंडाच्या भरदार आवाजाचं. माझं म्हणणं एवढंच आहे की पखवाजी सुधारतो तो धुमेकडून. वेग पाठोपाठ येतो. मालवणीत जुनी माणसं पोरांना सांगतात, ‘झिला, पयली धूम बोलू दी, मगे हात धावडय.’

ही धूम बोलते कशी, ते आधी पाहू. पखवाजाचं खोड एकसंध लाकडाचं, आतून कोरलेलं. दोन्ही तोंडांवर कातड्याच्या पुड्या, त्यांना ताणणारी वादी आणि वादीखाली सरकवलेले लाकडी गठ्ठे. उजव्या, लहान तोंडावर शाईचा पक्का थर असतो आणि ते बुवांच्या षड्जात लावतात. डाव्या, मोठ्या तोंडावर वाजवण्याआधी गव्हाची ओलसर कणीक थापतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. कणकेच्या वजनामुळे कातडं सावकाश कंप पावतं आणि आवाज खाली उतरतो. कणीक कमी पडली तर धूम पातळ, खणखणीत वाजते. जास्त झाली तर आवाज गिळला जातो. पंख्याखाली ती तासाभरात सुकते, पाण्याचं बोट लावावं लागतं. समुद्राकाठच्या दमट हवेत, विशेषतः भाद्रपदात, कातडं सैल पडतं आणि उजवी पुडी सुरातून उतरते. एका घरातून दुसऱ्या घरात जाईपर्यंत पुन्हा हातोडी घ्यावी लागते. ज्याला कणीक मळता येत नाही आणि पुडी लावता येत नाही त्याने अजून पखवाज शिकायला सुरुवात केलेली नाही, असं मी मानतो. ही कामं दुसऱ्यावर सोपवणाऱ्याचा कान तयार होत नाही.

शाईचं रहस्य सर चंद्रशेखर वेंकट रामन यांना खुणावत होतं. नोबेल मिळण्याच्या दहा वर्षं आधी, १९२० साली, त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय चर्मवाद्यांवर टिपण लिहिलं. साध्या ढोलाचं कातडं कंप पावतं तेव्हा मूळ आवाजाबरोबर उमटणारे वरचे आवाज त्याच्याशी जुळत नाहीत. दुसरा आवाज मूळ आवाजाच्या सुमारे १.५९ पट, तिसरा २.१४ पट, अशी ती वेडीवाकडी रांग असते. म्हणून ढोलाला नेमका सूर नसतो. मध्यभागी शाईचं वजन आलं की हे आवाज दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सुरेल पायऱ्यांच्या जवळ येतात. पुढे १९३४ सालच्या लेखात रामन यांनी दाखवलं की कातड्याचे पहिले नऊ कंप अशा पाच सुरेल स्वरांत गोळा होतात. कोणताही प्रयोगशाळेचा आधार नसताना आपल्या कारागिरांनी हे कानाने साधलं होतं.

आता रियाजाकडे. सुरुवातीचे बोल चार: ता, दिं, थुं, ना. डाव्या हाताचे मुख्य दोन: उघडा ‘ग’ आणि दाबलेला ‘क’. उजवीकडचा ‘ता’ आणि डावीकडचा ‘ग’ एकदम पडले की ‘धा’. ‘एकदम’ हा शब्द वाटतो तितका सोपा नाही. सुरुवातीच्या बहुतेक हातांत डावा किंचित मागे राहतो आणि ‘धा’ फुटतो. हे बघायचं असेल तर लय निम्म्याहून खाली आणावी लागते. विलंबित लयीत दोष लपत नाहीत, म्हणूनच तो रियाज कंटाळवाणा वाटतो. ‘धुमकिट तकिट तका’ हा बोल जलद वाजवणारे शंभर भेटतील. तो इतका संथ वाजवणारा, की त्यातला ‘धुम’ पोटात जाणवावा, असा क्वचित भेटतो. मोबाईल आता प्रत्येकाकडे आहे. आपलं वादन त्यावर घ्यावं आणि हेडफोन लावून, उजव्या हाताकडे पूर्ण दुर्लक्ष करून फक्त डावा ऐकावा. बऱ्याच जणांना तो धक्का बसतो, पण त्यापेक्षा प्रामाणिक शिक्षक मिळणार नाही.

रोज अर्धा तास हा आठवड्यातल्या एका दिवसाच्या तीन तासांपेक्षा भारी पडतो. हात रोजचा सराव ओळखतो. आणि वाद्य समोर नसतानाही रियाज होतो. टाळी देत बोल तोंडाने म्हणायचे, याला पढंत म्हणतात. होडीवर, बसमध्ये, काजूच्या बागेत चालताना पढंत करता येते. जे तोंडाने स्पष्ट म्हणता येत नाही ते हाताने स्पष्ट वाजत नाही, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे.

शास्त्राचं नाव काढलं की भजनातली मंडळी थोडी बिचकतात. ‘आमका खय मैफल करूची हा?’ असं म्हणतात. पण तिहाईचंच उदाहरण घ्या. एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर यायचं, ही गोष्ट भजनात प्रत्येक जण करतो, बहुतेक जण अंदाजाने. हिशेब मात्र सरळ आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा. समेपासून निघून पुढच्या समेवर उतरायचं तर त्या समेसकट नऊ मात्रा लागतात. ‘तिट कत धा’ हा तीन मात्रांचा तुकडा लागोपाठ तीनदा घेतला की नऊ पुऱ्या होतात. धा तिसऱ्या मात्रेवर, सहाव्यावर आणि समेवर पडतो. मधे थांबा नाही, म्हणून ही बेदम तिहाई. आता हाच तुकडा बारा मात्रांच्या चौतालात न्या. तिथे तेरा मात्रा भरायच्या आहेत. पहिल्या दोन धांनंतर दोन-दोन मात्रांचा दम घेतला की तीन, दोन, तीन, दोन, तीन अशी बेरीज तेरा होते, आणि ती दमदार तिहाई. दम घ्यायचा नसेल तर तोच तुकडा पाचव्या मात्रेपासून उचलायचा. एवढं ज्याला कळलं त्याला पाठ केलेल्या दहा तिहाया लागत नाहीत. बुवांनी ऐनवेळी ओळ लांबवली तरी तो कुठूनही समेवर येतो.

चौतालाचा ठेका ‘धा धा, दिं ता, किट धा, दिं ता, तिट कत, गदि गन’ असा दोन-दोन मात्रांच्या सहा खंडांचा आहे. टाळी पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर. काल, म्हणजे खाली, तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. भजनात चौताल फारसा लागत नाही, तरी तो शिकावा, कारण उघड्या, भरदार बोलांचा असा रियाज छोट्या ठेक्यांत होत नाही. हाच ठेका आडीत, म्हणजे दोन मात्रांच्या जागेत तीन बोल बसवून, म्हणता आला की लयीची भीती कायमची जाते. लयीत माणूस कुठवर जाऊ शकतो याचं उदाहरण शेजारच्या गोव्यात आहे. लयभास्कर म्हणून ओळखले गेलेले खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी वेगवेगळे ताल दाखवत. त्यांचा वारसा आपल्या उंबऱ्याशी असताना हिशेबाला घाबरायचं कारण नाही.

गुरू लागतोच, कारण आपला डावा हात कसा पडतो हे आपल्याला बाजूने दिसत नाही. महाराष्ट्रातल्या पखवाजाची थोर परंपरा नाना पानसे यांची. वाईजवळच्या बावधनचे नाना काशीला बाबू जोधसिंह यांच्याकडे शिकले आणि पुढे इंदूरच्या दरबारात राहिले. त्यांनी शिष्यांची मोठी फळी उभी केली आणि पानसे घराणं त्यांच्या नावाने ओळखलं जातं. कीर्तनातून आलेल्या माणसाने आधीचा हात बाजूला ठेवून दूर जाऊन नव्याने शिकावं, ही गोष्ट मला त्यांच्या दरबारी मानापेक्षा मोठी वाटते. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आहेत. प्रारंभिकपासून विशारदपर्यंतचा क्रम ठरलेला आहे. परीक्षेमुळे लिपी येते, सम, टाळी, काल कागदावर मांडता येतात, तालांची नावं कळतात. ते जरूर करावं. मात्र नावापुढे ‘विशारद’ लागलेला मुलगा भजनात गोंधळलेला मी पाहिला आहे आणि अक्षरशत्रू म्हातारा त्याच भजनाला सावरून नेताना पाहिला आहे. दोन्ही शाळा एका हातात यायला हव्यात. मोबाईलवरच्या शिकवणीने मुंबईचे गुरू वाडीत पोचले, ही चांगली गोष्ट झाली. पण आवाज क्षणभर उशिरा पोचत असल्यामुळे गुरूबरोबर एकत्र वाजवणं तिथे जमत नाही, आणि धुमेची खोली छोट्या स्पीकरमध्ये ऐकूच येत नाही. महिन्यातून एकदा तरी समोर बसायला हवं.

खरी परीक्षा दशावतारात. तिथे छापील संहिता नाही. संवाद नट रंगमंचावर रचतो. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर युद्ध, विलाप, प्रवेश सगळं उभं राहतं. राजा कधी वळणार, राक्षसाचं पाऊल कुठे पडणार, हे पखवाज्याला त्याच्या खांद्यावरून ओळखावं लागतं. दहिकाल्यापर्यंत, म्हणजे पहाटेपर्यंत, डावा हात तसाच भरलेला ठेवायचा. विलंबितात केलेला रियाज पहाटे चारला कामी येतो, तेव्हा नुसता वेग कधीच संपलेला असतो.

महिला भजनी मंडळं आता गावोगाव आहेत. पेटी आणि टाळ बायांच्या हाती आले, पखवाजावर मात्र बऱ्याच ठिकाणी अजून पुरुष बोलवावा लागतो. ‘मुलींच्या हाताला जोर नसतो’ हे कारण मला मान्य नाही. धूम जोराने बोलत नाही. मोकळ्या, सैल पंजाने आणि नीट लावलेल्या कणकेने बोलते. जत्रांचा हंगाम ओसरला की शिमग्यानंतर हात मोकळे होतात. तेव्हा वाडीतल्या एखाद्या मुलीला चार बोलांपासून बसवावं. रोज अर्ध्या तासाने गणपतीपर्यंत भजनी ठेका आणि एक बेदम तिहाई तिच्या हातात येईल, आणि मग आरतीनंतरच्या भजनात पहिला अभंग तिच्या पखवाजावर घ्यावा.