धनराज पिल्ले : आघाडीच्या फळीतून प्रशिक्षणाकडे

नामवंत खेळाडू निवृत्त झाला की त्याच्याविषयीचे लेखन बहुधा तेथेच थांबते. त्याच्या अंगचे कौशल्य पुढील पिढीकडे कोणत्या मार्गाने जाते, हा प्रश्न शारीरिक शिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा असूनही दुर्लक्षित राहतो. हॉकीपटू धनराज पिल्ले यांच्या वाटचालीच्या आधारे प्रस्तुत लेखात त्याचा विचार केला आहे.

पिल्ले यांचा जन्म १६ जुलै १९६८ रोजी पुण्यातील खडकी येथे तमिळभाषक कुटुंबात झाला. वडील संरक्षण कारखान्याच्या कर्मचारी वसाहतीतील मैदानाची देखभाल करीत. मोडक्या स्टिक दोरीने बांधून भावंडे तेथे खेळत. थोरले बंधू रमेश मुंबईत राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या संघाकडून खेळत असत. त्यांच्यामागोमाग धनराज मुंबईस गेले आणि पुढे महिंद्र अँड महिंद्रच्या संघात जोकिम कार्व्हालो यांच्या हाताखाली घडले. म्हणजेच अकादमी हा शब्दही कानी नसताना घर, कामगार वसाहत आणि कंपनीचा संघ याच त्यांच्या प्रशिक्षणसंस्था ठरल्या.

१९८९ मध्ये त्यांनी आंतरराष्ट्रीय हॉकीत पदार्पण केले. १९९२ ते २००४ या काळातील चार ऑलिम्पिक स्पर्धा ते खेळले. १९९८ च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने ३२ वर्षांनी सुवर्णपदक मिळविले. हा काळ खेळाच्या स्थित्यंतराचाही होता. १९७६ च्या माँट्रियल ऑलिम्पिकपासून कृत्रिम मैदान आले, १९९८ मध्ये ऑफसाइडचा नियम कायमचा रद्द झाला. चेंडू व खेळाडू दोघांचाही वेग वाढला. मातीवर कमावलेले चकव्याचे कसब या वेगात टिकवून धरणे, हे पिल्ले यांचे खरे वैशिष्ट्य मानावे लागेल. नेमके हेच कसब शिकविण्यास सर्वांत अवघड आहे, कारण ते पाठ म्हणून दिले गेलेले नव्हते.

निवृत्तीनंतर मुंबईत अकादमी उभारण्यासाठी त्यांनी कार्यालयांतील प्रिंटरची रिकामी कार्ट्रिज गोळा करून पुनर्वापर करणाऱ्या युरोपीय कंपनीस विकण्याचा मार्ग पत्करला. (भारताच्या माजी कर्णधारावर ही वेळ यावी, यावर वेगळे भाष्य नको.) पुढे गुजरात क्रीडा प्राधिकरणाच्या हॉकी अकादमीची धुरा त्यांनी सांभाळली. महाराष्ट्राच्या कंपनी-संघांत घडलेल्या खेळाडूचा अनुभव अशा रीतीने शेजारच्या राज्यातील मुलांच्या उपयोगी पडला.

मराठवाड्यात कबड्डी व खो-खो रुजले. हॉकी तितकी रुजली नाही. जळकोटसारख्या तालुक्याच्या ठिकाणी कारखान्याचा संघ नाही आणि कृत्रिम मैदानाचा खर्च ग्रामीण महाविद्यालयाच्या आवाक्यातला नाही. तेथे पहिली गरज आहे ती मुरुमाच्या सपाट मैदानाची आणि रोज उपस्थित राहणाऱ्या जाणत्या मार्गदर्शकाची. २०१४ च्या नानजिंग युवा ऑलिम्पिकमध्ये प्रथम खेळविली गेलेली पाच खेळाडूंची हॉकी सुमारे निम्म्या मैदानात मावते. आंतरमहाविद्यालयीन स्तरावर तिच्यापासून आरंभ करता येईल.