तारणाचा निर्णय कोणाचा? : वऱ्हाडच्या मंडळ्या आणि पूर्वनियोजनाचा वाद

वाशीम जिल्ह्याच्या मंगरुळपीर तालुक्यातील शेलूबाजार हे नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावरचे बाजाराचे गाव आहे. तेथून वाशीम, अकोला, कारंजामार्गे यवतमाळ आणि मेहकर-सिंदखेडराजामार्गे जालना या शहरांकडे रस्ते जातात, आणि या चार शहरांतील प्रोटेस्टंट मंडळ्यांचा पूर्वेतिहास पाहिला तर ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एका अत्यंत चिवट वादाचे दोन्ही पक्ष, तसेच त्याबाबत मुद्दाम मौन पाळणारा तिसराही, या टापूत शेजारी-शेजारी नांदलेले दिसतात. माणसाचे तारण, म्हणजे पापाच्या दंडातून सुटका आणि देवाशी पुन्हा जुळलेले नाते, हे देवाने जगाच्या उत्पत्तीपूर्वीच केलेल्या निवडीवर अवलंबून आहे की देवाने सर्वांपुढे ठेवलेल्या कृपेला माणूस जो होकार वा नकार देतो त्यावर, असा हा वाद आहे. देवाच्या अशा आधीच झालेल्या निवडीला पूर्वनियोजन म्हणतात, आणि होकार-नकाराच्या सामर्थ्याला इच्छास्वातंत्र्य.

मराठी वाचकाला पूर्वनियोजन म्हटले की सटवाईने कपाळी लिहिलेले किंवा प्रारब्ध आठवणे स्वाभाविक असले, तरी ही तुलना फार लांब जात नाही. प्रारब्ध हे कितीही अटळ मानले तरी ते त्याच जीवाच्या मागील कर्माचे फळ असते, आणि म्हणूनच लोकमान्य टिळकांना ‘गीतारहस्या’त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य हे दोन विषय एकाच प्रकरणात घेऊन त्यांचा मेळ घालता आला, उलट ख्रिस्ती पूर्वनियोजनाचा सारा भर निवडलेल्या माणसाच्या अंगी निवडीस पात्र असे काहीही नव्हते, मागचेही नाही आणि पुढे घडणारेही नाही, या मुद्द्यावर असतो. भारतीय परंपरेत याच्या अधिक जवळ जाणारी चर्चा श्रीवैष्णवांमध्ये झाली. माकडीचे पोर आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरून राहते, तर मांजरीच्या पिलाला आईच तोंडात धरून नेते, आणि भगवंताची कृपा यांपैकी कोणत्या रीतीने तारते यावरून त्या संप्रदायात वडकलै आणि तेन्कलै असे दोन पंथ पडले. ख्रिस्ती वादाचा सांगाडा यावरून ध्यानात येतो, परंतु एक कठीण भाग या दाखल्यात बसत नाही, तो म्हणजे आईने न उचललेल्या पिलांचे काय.

या प्रश्नाची बीजे संत पौलाच्या पत्रांत आहेत. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात तो याकोब आणि एसाव या जुळ्यांचा दाखला देऊन देवाची निवड त्यांच्या जन्माआधीच झाली होती असे सांगतो, तर तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांचे तारण व्हावे अशी देवाची इच्छा असल्याचे म्हटले आहे. दोन्ही वचने एकाच पवित्र शास्त्रातील असल्याने कोणत्याही पक्षाला दुसऱ्याचे वचन नाकारता येत नाही, फक्त त्याचा अर्थ लावावा लागतो. पाचव्या शतकाच्या आरंभी पेलाजियस नावाच्या तपस्व्याने माणूस स्वतःच्या बळावर देवाची आज्ञा पाळू शकतो असा पक्ष घेतला, तेव्हा उत्तर आफ्रिकेतील हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आदामाच्या पतनानंतर माणसाची इच्छाच विकृत झाली असून विश्वासाची पहिली हालचालदेखील कृपेनेच घडते असे प्रतिपादन केले, आणि ४१८ च्या कार्थेज परिषदेने पेलाजियसचे मत त्याज्य ठरवले. पश्चिमेकडील पुढचे बहुतेक सगळे पक्ष स्वतःला ऑगस्टीनच्याच बाजूचे समजतात, हे विसरले की वाद समजतच नाही.

जिनिव्हाचा धर्मसुधारक जॉन कॅल्विन याने ऑगस्टीनचा विचार त्याच्या शेवटच्या टोकापर्यंत नेला. देवाने काहींना अनंत जीवनासाठी आणि काहींना नाशासाठी नेमले आहे असे त्याने आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९ च्या अंतिम आवृत्तीत स्पष्ट लिहिले. या दुसऱ्या भागाला त्याने स्वतःच भयंकर निर्णय म्हटले होते. नेदरलँड्समध्ये याकोबुस आर्मिनियस या प्राध्यापकाने त्यावर हरकत घेतली. त्याच्या मृत्यूनंतर १६१० मध्ये त्याच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन सादर केले आणि त्याचे उत्तर म्हणून १६१८-१९ मध्ये डॉर्ट येथे भरलेल्या धर्मसभेने जे ठराव केले, ते आज कॅल्विनवादाचे सार म्हणून ओळखले जातात. पापाने माणूस अंतर्बाह्य बिघडलेला आहे, देवाची निवड बिनशर्त आहे, ख्रिस्ताच्या मरणाचे फळ निवडलेल्यांपुरतेच निश्चित आहे, त्यांच्या अंतःकरणात काम करणारी कृपा विफल होत नाही आणि एकदा खरोखर तारलेला माणूस अखेरपर्यंत टिकतो, अशी ही साखळी असून तिची एक कडी मानली की उरलेल्या कड्या आपोआप हाती येतात असे तिचे समर्थक मानतात, आणि तिचे बळ व तिच्याविषयीची भीती या दोन्हींचे मूळ तेथेच आहे. स्कॉटिश प्रेस्बिटेरियनांनी हाच विचार १६४० च्या दशकातील वेस्टमिन्स्टर विश्वासांगिकारातून स्वीकारला.

आर्मिनियसच्या पक्षाला इंग्लंडमध्ये मोठा प्रचारक मिळाला तो मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली. त्याने १७३९ मध्ये ब्रिस्टल येथे मोफत कृपेवर उपदेश करून पूर्वनियोजनावर उघड हल्ला चढवला आणि त्यातून जॉर्ज व्हाइटफील्ड या आपल्या जवळच्या सहकाऱ्याशी त्याचे मतभेद विकोपाला गेले. मात्र वेस्ली माणसाला उपजत स्वतंत्र मानीत नव्हता. पतित माणूस स्वतःहून देवाकडे वळूच शकत नाही हे त्यालाही मान्य होते. त्याचे म्हणणे इतकेच की ख्रिस्तामुळे देवाने प्रत्येक माणसाला आधीच काही कृपा दिलेली आहे, जिला पूर्वगामी कृपा म्हणतात, आणि तिच्यामुळेच होकार देण्याची गमावलेली शक्ती परत मिळते. या मताला दोन शेपटे आहेत. पहिले असे की ज्याला होकार देता येतो त्याला पुढे तो मागेही घेता येतो, म्हणून तारण पावलेला माणूस विश्वासापासून ढळून पुन्हा नाश पावू शकतो. आणि दुसरे असे की कृपेशी सहकार्य करीत गेल्यास याच जन्मी अंतःकरण देवाच्या प्रीतीने पूर्ण भरून जाऊ शकते, ज्याला संपूर्ण पवित्रीकरण हे नाव आहे.

रोमन कॅथलिक चर्चमध्ये हाच तंटा डोमिनिकन आणि जेझुइट या दोन संघांत लागला. कृपा इच्छेला आतून हलवते असे डोमिनिकन बान्येझ म्हणत असे, तर जेझुइट लुईस मोलिना याने १५८८ च्या ग्रंथात देवाला मध्यम ज्ञान असल्याची कल्पना मांडली, म्हणजे कोणता माणूस कोणत्या परिस्थितीत स्वेच्छेने काय करील हे देव आधीच जाणतो आणि ते जाणूनच जग रचतो. पोपपुढे अनेक वर्षे सुनावण्या चालल्या, आणि १६०७ मध्ये पाचव्या पौलाने निकाल न देता दोघांनीही एकमेकांना पाखंडी म्हणू नये एवढाच हुकूम केला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा पाया नेमका याच काळात घातला जात होता, कारण १५७९ मध्ये गोव्यात उतरलेले आणि १६१६ मध्ये रायतूर येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून घेणारे थॉमस स्टीफन्स हे जेझुइटच होते.

प्रोटेस्टंट मते महाराष्ट्रात आली ती मिशनांबरोबर, आणि मिशनांनी आपापसांतील स्पर्धा टाळण्यासाठी मुलूख वाटून घेतले होते. मुंबईत १८१३ पासून आणि पुढे अहमदनगरात काम करणारे अमेरिकन मराठी मिशन काँग्रिगेशनल, म्हणजे कॅल्विनच्याच वंशावळीतले होते. १८२९ मध्ये मुंबईस आलेले जॉन विल्सन आणि १८४५ मध्ये नागपुरात पोहोचलेले स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश प्रेस्बिटेरियन होते, आणि विल्सन यांच्याच काळात १८४३ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले. वऱ्हाडात मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले ते बहुतांशी वेस्लीच्या घराण्यातले. यवतमाळकडे फ्री मेथडिस्टांचे काम उभे राहिले. अकोल्यास ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स आले, ज्याचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन हे मूळचे प्रेस्बिटेरियन पाळक असले तरी त्या संस्थेने पूर्वनियोजनाबाबत कोणतेही एक मत सभासदांवर लादले नाही. वाशीमचे मेथडिस्ट मिशनचे काम १९३० च्या दशकात चर्च ऑफ द नाझरीनकडे गेले, १९३६ मध्ये डॉ. ऑर्फा स्पायकर आल्या आणि १९३८ पासून रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू झाले. वाशीम परिसरात आजही नाझरीन म्हटले की बहुतेकांना आधी दवाखाना आठवतो, पण १९०८ मध्ये टेक्सासमधील पायलट पॉइंट येथे आकाराला आलेल्या या चर्चच्या विश्वासाच्या कलमांत पूर्वगामी कृपा, ढळण्याची शक्यता आणि संपूर्ण पवित्रीकरण या तिन्ही गोष्टी ठळकपणे आहेत.

या मुलूखवाटपातून एक विलक्षण स्थिती निर्माण झाली. जालन्याच्या बाजूला ख्रिस्ती झालेले कुटुंब देवाच्या अनादी निवडीचे शिक्षण घेणाऱ्या मंडळीत दाखल झाले, आणि त्याच वाटेने पूर्वेस वाशीमच्या हद्दीत ख्रिस्ती झालेले कुटुंब इच्छास्वातंत्र्यावर भर देणाऱ्या मंडळीत. म्हणजे तारणात माणसाच्या निवडीला स्थान आहे की नाही, या प्रश्नावरचे स्वतःचे मत निवडण्याची संधी बहुतेकांना मिळालीच नाही; ते कोणत्या मिशनच्या हद्दीत कोणते गाव पडले यावर ठरले. हे पाहून कॅल्विनवाद्याने मनातल्या मनात हसावे, इतपत त्याचा पक्ष इतिहासाने येथे उचलून धरला आहे.

मत वारशाने आले असले तरी ते उपासनेच्या पद्धतीत मुरलेले असते. पवित्रीकरणावर भर देणाऱ्या मंडळ्यांत उपदेश संपताना पाळक आवाहन करतो, गीत हळू आवाजात चालू राहते आणि ज्यांच्या मनाला उपदेश भिडला असेल ते उठून वेदीपुढील कठड्याशी गुडघे टेकतात. कोणी पहिल्यांदा, तर कोणी विश्वासात थंड पडल्यामुळे दुसऱ्यांदा किंवा पाचव्यांदा. आपल्या जागेवरून उठून पुढे येण्याची ही कृती म्हणजे आर्मिनियसचे निवेदनच अंगाने केलेले असते, आणि पुन्हा पुन्हा येण्याची मुभा ही ढळण्याच्या शिकवणुकीची दुसरी बाजू असते. जुन्या वळणाच्या प्रेस्बिटेरियन परंपरेत या आवाहनाकडे संशयाने पाहिले गेले, कारण त्यात देवाच्या कामापेक्षा क्षणिक भावनेला महत्त्व मिळते अशी तिची तक्रार होती. तेथे प्रश्नोत्तरीचे पाठांतर, वडीलमंडळापुढे दिलेली कबुली आणि मग प्रभुभोजनाला प्रवेश असा संथ क्रम होता. आपण तारलेले आहोत याची खात्री कशी पटावी, हा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच छळतो. एकाला आपण निवडलेल्यांत आहोत की नाही याची धास्ती, तर दुसऱ्याला आजचा होकार उद्या टिकेल का याची.

भारतात या वादाची धार बरीच बोथट झाली. १९०४ मध्ये निरनिराळ्या प्रेस्बिटेरियन मिशनांच्या मंडळ्या एकत्र येऊन जे भारतीय प्रेस्बिटेरियन चर्च बनले, त्याच्या बारा कलमी विश्वासांगिकारात देवाची निवड आणि सर्व माणसांना दिलेले तारणाचे खुले आमंत्रण ही दोन्ही एकाच कलमात ठेवलेली होती, आणि नाशासाठी नेमण्याची वेस्टमिन्स्टरची कडक भाषा वगळलेली होती. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा या प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल वारशाबरोबर ब्रिटिश परंपरेतील मेथडिस्टही त्यात सामील झाले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट बाहेर राहिले, परंतु त्याचे कारण पूर्वनियोजन नव्हते. यवतमाळला १९५३ मध्ये सुरू झालेली आणि १९८३ मध्ये पुण्यास हलवलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी तर अनेक मंडळ्यांची सामाईक असल्याने दोन्ही मतांचे विद्यार्थी तेथे एकाच वर्गात बसत आले.

तरीही पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती कुटुंबांपुढे एक प्रश्न होता, जो युरोपात हा वाद घालणाऱ्यांना इतक्या जवळून बोचला नव्हता: मिशनरी येण्याआधी वारलेल्या आजा-पणजाचे काय? वेस्लीच्या मताला याचे उत्तर देणे सोपे वाटते, कारण पूर्वगामी कृपा सर्वांना असल्याने ज्याला जेवढा प्रकाश मिळाला त्या मानाने त्याचा न्याय होईल असे म्हणता येते, आणि १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्वतःचा दोष नसताना शुभवर्तमान न कळलेल्यांविषयी जे सांगितले ते याच दिशेचे आहे. पूर्वनियोजनाच्या पक्षाकडून येथे कठोर उत्तराची अपेक्षा असते, आणि वेस्टमिन्स्टरच्या दहाव्या प्रकरणात ते तसे आहेही. पण इच्छास्वातंत्र्याच्या पक्षाची एक अडचण अशी की ज्याने ख्रिस्ताचे नावच ऐकले नाही त्याला होकार देण्याची संधी मिळालेली नसते, तर देवाच्या निवडीला मिशनरी कोणत्या साली पोहोचला याच्याशी काही कर्तव्य नसते. झुरिखचा उलरिख झ्विंगली हा कॅल्विनच्या आधीचा आणि पूर्वनियोजनाचा तितकाच कट्टर पुरस्कर्ता. त्याने १५३१ मध्ये फ्रान्सच्या राजाला लिहिताना स्वर्गात भेटणाऱ्यांच्या यादीत आदाम व अब्राहामाबरोबर सॉक्रेटिस आणि हर्क्युलिस यांचीही नावे घातली, आणि ते वाचून झ्विंगली ख्रिस्ती उरला होता की नाही याचीच मार्टिन लूथरला शंका आली.