कॉम्प्युटर बदलण्याआधी दोन तारा मोजा

खामगावहून कापडाचे गठ्ठे आणताना पिंपळगाव राजाजवळ आमची गाडी बंद पडली. मीटरवर चार-पाच दिवे एकदम लागले. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्युटर गेला. व्यापारी बांधवांनो, अशा वेळी नाहक खर्चाची घाई करू नका.

बॉश कंपनीने १९८६ साली मांडलेल्या 'कॅन' पद्धतीत गाडीतील कॉम्प्युटर दुपदरी सुतासारखा पीळ दिलेल्या दोन तारांवरून आपसांत बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो. बॅटरी सोडवून स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ६ व १४ नंबरच्या पिनांना मल्टिमीटर लावा. बहुतेक गाड्यांत ६० च्या आसपास आकडा आला तर तारा शाबूत. मग फ्यूज, अर्थिंग पाहा. शून्याजवळ आला तर तारा एकमेकींना टेकल्या. १२० आला तर तार तुटली किंवा एका टोकाचा रेझिस्टर गेला.

आमच्याकडे १२० आला. उंदराने तार कुरतडली होती. जोडताना पीळ मात्र मोडू देऊ नका.