गळ्यातले चार दाणे

थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतरचा दुसरा दिवस. जखम कोरडी, आवाज ठणठणीत. पहिल्या चोवीस तासांतली रक्तस्रावाने गळा सुजण्याची मोठी धास्तीही सरलेली. सकाळच्या राउंडला डॉक्टर रुग्णाच्या कानापुढे, गालावर बोटाने हलकेच ठोकतात आणि त्या बाजूचा ओठाचा कोपरा टचकन उडतो. ‘ओठांभोवती मुंग्या येतात का?’ ‘पहाटेपासून येतायत. बोटांनाही.’ निरोगी माणसांतही काहींचा ओठ असा उडतो, म्हणून लगेच रक्त तपासायला जातं. शंका असते कॅल्शियम उतरल्याची.

हे कॅल्शियम सांभाळतात थायरॉइडच्या पाठीला चिकटलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी. बहुधा चार, मसुराच्या दाण्याएवढ्या, पिवळसर तपकिरी. भोवतालच्या चरबीतून त्या ओळखणं अनुभवी सर्जनलाही जड जातं.

१८८० मध्ये स्वीडनमधल्या इवार सँडस्ट्रॉम या वैद्यकीय विद्यार्थ्याने माणसातल्या या ग्रंथींचं वर्णन छापलं. त्यांचं काम काय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांच्या रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर पेटके येत. बर्नमध्ये थिओडोर कोखर यांच्या रुग्णांना ते क्वचितच येत. अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी दोघांचीही कामाची पद्धत पाहिली होती. त्यांनी पुढे कारण सांगितलं, ते असं : बिलरोथ झपाझप कापत, त्यात थायरॉइडचे तुकडे मागे राहत आणि पॅराथायरॉइडला इजा होई. कोखर सावकाश, रक्त न सांडता थायरॉइड तेवढी पूर्ण काढत. शेजार शाबूत राही.

पण पूर्ण थायरॉइड गेल्याची किंमत वेगळी होती. कोखर यांनी जुने रुग्ण परत बोलावले, तर १८ पैकी १६ जण सुजलेले, मंदावलेले. १८८३ मध्ये त्यांनी हे स्वतःहून जाहीर केलं. १९०९ च्या नोबेलइतकाच हा प्रामाणिकपणाही मोठा मानायला हवा.

आज सर्जन या ग्रंथी त्यांच्या बारीक रक्तवाहिन्यांसकट जपतात. एखादी चुकून सुटी झालीच, तर तिचे बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूत रोवतात. तिथे ती पुन्हा काम करू लागते. कॅल्शियम उतरलं तर गोळ्या आणि कॅल्सिट्रिऑल देतात. पेटके आले तर कॅल्शियम ग्लुकोनेट शिरेतून, ईसीजीवर नजर ठेवून, सावकाश. बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतात. मोजक्यांना औषध आयुष्यभर लागतं.

घरी गेल्यावर एक चूक सर्रास होते : सगळ्या गोळ्या एकदमच घेतल्या जातात. थायरॉइड काढल्यावर तिच्या हार्मोनऐवजी थायरॉक्सिनची गोळी घ्यावी लागते, आणि कॅल्शियम तिला आतड्यातच अडवतं. म्हणून थायरॉक्सिन सकाळी उपाशीपोटी, आणि कॅल्शियम त्यानंतर किमान चार तासांनी.