गोटा टायर आणि ताकदवान गाडी
कोरड्या डांबरावर झिजलेला टायर अनेकदा नव्यापेक्षा घट्ट पकडतो. नक्षी उथळ झाली की रबराचे ठोकळे कमी डुलतात आणि जास्त रबर रस्त्याला टेकते. शर्यतीच्या स्लिक टायरला खोबण्या नसतात त्या याच कारणाने. ताकदवान गाडी चालवणाऱ्याची फसगत इथेच होते. वळणावर गाडी चिकटून जाते, ब्रेक चोख लागतात आणि टायर बदलणे लांबणीवर पडते. खरी परीक्षा पावसात होते.

ताशी 100 किलोमीटर वेगाने धावणारा 245 मिलिमीटर रुंदीचा टायर 3 मिलिमीटर पाण्यातून गेला, तर दर सेकंदाला सुमारे 20 लिटर पाणी त्याच्या वाटेत येते. हे पाणी खोबण्यांतून निघून जावे लागते. नव्या टायरची खोबण 7 ते 8 मिलिमीटर खोल असते. ती भरत आली की पाणी निघायला वाट उरत नाही. ते चाकापुढे साचते, पाचरीसारखे रबराखाली शिरते आणि चाक रस्ता सोडून पाण्यावर चढते. हेच हायड्रोप्लेनिंग. 'नासा'चे वॉल्टर हॉर्न यांनी 1960च्या दशकात विमानांच्या टायरांसाठी त्याचे सोपे सूत्र मांडले. मोटारीच्या भाषेत ते असे: हवेच्या दाबाच्या (पीएसआय) वर्गमुळाला साधारण 16.7 ने गुणले की धोक्याचा वेग मिळतो. दाब 36 असेल तर ताशी 100 किलोमीटर, 25 असेल तर केवळ 83. अर्थात हा हिशेब पाणी खोबणीपेक्षा खोल असतानाचा. पण गोटा टायरला तेवढे पाणी कुठेही मिळते, आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट भागात मोटारींची वेगमर्यादाच 100 आहे.

वेगवान गाड्यांचे टायर रुंद असतात. पोर्शे 911 करेरा एसच्या मागच्या टायरची रुंदी 305 मिलिमीटर आहे. टायर जितका रुंद, तितके मधल्या पाण्याला कडेपर्यंतचे अंतर जास्त. त्यात इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांवर असेल, तर तेच टायर आधी झिजतात. पुढची चाके घसरली तर गाडी वळण सोडून सरळ जाते. मागची घसरली तर ती गरकन फिरते, आणि तिला सावरणे सरावलेल्या चालकालाही जड जाते. दोनच नवे टायर घ्यायचे असतील तर ते मागे बसवावेत, असे सांगतात ते यासाठीच. अर्थात पुढच्या-मागच्या टायरांचे माप एकच असेल तर.

2019पासूनच्या 911मध्ये पुढच्या चाकांच्या कमानीतले सेन्सर उडणाऱ्या पाण्याचा आवाज ओळखून चालकाला सावध करतात. युक्ती सुंदर आहे, पण एबीएस काय किंवा स्थिरता-नियंत्रण काय, उरलेली पकड चार चाकांत वाटण्यापलीकडे काही करू शकत नाही.

भारतात आणि युरोपात मोटारीच्या खोबणीची कायदेशीर किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. खोबणीच्या तळातल्या छोट्या उंचवट्यांवरून ती कळते. पावसासाठी ही मर्यादा फारच उदार म्हणावी लागेल. शिवाय चाके आत झुकलेली ठेवलेल्या गाड्यांत आतली कड आधी झिजते आणि बाहेरून पाहणाऱ्याला टायर धडधाकट वाटतो.

हौसेच्या गाड्या वर्षाला फारशा चालत नाहीत, त्यामुळे त्यांचे टायर झिजण्याआधी म्हातारे होतात. उष्णता आणि ऑक्सिजनमुळे रबर कडक होते, पकड जाते, खोबण मात्र खोल दिसते. अशा वेळी टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्का पाहावा: 2319 म्हणजे 2019चा 23वा आठवडा.